गळाची वर्दी : स्वस्त साधनांवरून विद्युत परिपथाचा पाठ

(इयत्ता सहावी व सातवीस सामान्य विज्ञान आणि कार्यानुभव शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

ज्या गावाला नदी, बारमाही ओढा अथवा पाझर तलाव आहे, त्या गावच्या शाळेत गळ म्हणजे काय हे मुलांना सांगावे लागत नाही. सांगण्याची गरज असलीच तर ती शिक्षकालाच असते. प्रस्तुत लेखक हा त्या दुसऱ्या वर्गातला होय. पाठ्यपुस्तकातील परिपथाचे चित्र फळ्यावर काढून, विजेरीचा दिवा लावून दाखवून आणि व्याख्या पाठ करवून घेऊन अनेक वर्षे काढल्यानंतर, हाच विषय गळाच्या दोरीवरून शिकविला असता किती वेगळा होतो, याचा अनुभव आला. तो येथे साधनांसह व चुकांसह मांडीत आहे. मासेमारी शिकविणे हा या पाठाचा हेतू नाही. ज्या मुलांच्या घरी मासेमारी होत नाही, अथवा जी मुले मत्स्याहारी नाहीत, त्यांनाही यात पूर्ण भाग घेता येतो. कारण आपल्या पाठात मासा कोठेच लागत नाही. माशाचे काम एक विद्यार्थी करतो.

गळ टाकून बसलेल्या माणसापुढील मूळ अडचण विद्यार्थ्यांसमोर प्रथम स्पष्ट मांडावी. दोरी पाण्यात गेली, की पुढचे काही दिसत नाही. आमिषाला मासा तोंड लावतो तो क्षण पाण्याखाली घडतो आणि तो फार अल्प असतो. कार्प, रोहू, कटला, मृगळ या जातींच्या माशांना जबड्यात दात नसतात. त्यांचे दात घशात असतात. असा मासा आमिष पाण्यासह तोंडात ओढून घेतो, चाचपतो आणि संशय आला तर तितक्याच झटकन थुंकून टाकतो. म्हणजे काठावरील माणसाला वर्दी हवी ती नेमक्या त्या क्षणाची, नंतरची नको.

यावरील सर्वांत जुना उपाय म्हणजे तरंगक. ज्वारीच्या धाटातील भेंड, पांगाऱ्याचे हलके लाकूड, मोराच्या गळून पडलेल्या पिसाची दांडी, यांपैकी कशाचाही तरंगक होतो. (इंग्लंडातील जुने गळकरी मोरपिसाच्या दांडीला फार मान देत, हे मुलांना ऐकून गंमत वाटते.) तरंगक बुडाला की दोरी ओढावी, इतके साधे हे शास्त्र आहे. उत्प्लावनाचा पाठ येथेच जोडून घेता येईल. तो सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. मात्र तरंगकाच्या दोन मर्यादा मुलांकडून काढून घ्याव्यात. तो अंधारात दिसत नाही आणि फार दूर असला तर उजेडातही दिसत नाही. शिवाय तो सतत पाहत बसावे लागते. डोळा लागला की वर्दी हुकते.

हीच अडचण इंग्लंडातील कार्प पकडणाऱ्यांना तीव्रतेने जाणवली. तेथील तळ्यांतील मोठे कार्प अतिशय सावध असतात व उन्हाळ्यात बहुधा रात्रीच चरतात. रिचर्ड वॉकर नावाचे एक गृहस्थ पेशाने अभियंते व छंदाने गळकरी होते. त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात यावर विजेचा उपाय केला. काठी दोन टेकूंवर आडवी ठेवावयाची आणि पुढच्या टेकूशी एक बारीक उभी काडी बसवून तिला दोरी टेकवावयाची. दोरी ताणली की काडी किंचित कलते, काडीच्या बुडाशी असलेले धातूचे दोन तुकडे एकमेकांस चिकटतात, परिपथ पूर्ण होतो आणि घंटी वाजते. माणसाने डोळे मिटून पडून राहिले तरी चालते. कान जागा असला म्हणजे पुरे. हिअरफर्डशायर परगण्यातील रेडमायर तळ्यावर १३ सप्टेंबर १९५२ रोजी वॉकर यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोचा कार्प पकडला. तो तेथील त्या वेळचा विक्रम ठरला. त्या रात्री त्यांच्या काठ्यांना ही घंटी जोडलेली होती. आमिष होते साध्या पावाच्या पिठाचे. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात ठेवण्यात आला. पुढल्याच वर्षी, १९५३ मध्ये, स्थिर पाण्यातील गळमारीवर त्यांचे पुस्तक निघाले आणि घंटीची कल्पना सर्वत्र पसरली.

हाच कार्प आज आपल्याकडील तलावांतही आहे. त्याचा एक प्रकार १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला आणि दुसरा १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला. तेव्हा वॉकर यांची गोष्ट सांगताना "हा मासा आपल्या तळ्यात असेल का?" असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याला नकार देऊ नये.

कालांतराने या साध्या घंटीचे मोठे यंत्र झाले. १९७० नंतरच्या दशकात दोरीने फिरणारे लहानसे चाक आले. चाकाची पाती प्रकाशाचा किरण अडवितात व सोडतात आणि त्या प्रत्येक वेळी आवाज होतो. नंतर चुंबकाचा उपयोग करणारी यंत्रे आली, दोरीची थरथर ओळखणारी आली, तंबूत ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रास बिनतारी संदेश पाठविणारीही आली. चांगल्या प्रतीच्या एका यंत्रास आज शंभर पौंड किंवा त्याहूनही अधिक पडतात, आणि एका माणसास अशी दोन-तीन लागतात. आपल्याकडील एखाद्या शाळेच्या वर्षाच्या साहित्यखर्चाशी ही रक्कम ताडून पाहावी असा मोह होतो. पण ते असो. आपल्याला महत्त्वाचे ते हे, की ज्या देशात ही महाग यंत्रे निघाली त्याच देशातील खिशाने हलक्या गळकऱ्यांनी त्याच कामासाठी जवळजवळ फुकटची साधने योजली, आणि त्यांतील काही आजही वापरात आहेत. या साधनांची तत्त्वे महाग यंत्राच्या तत्त्वांहून कमी प्रतीची नाहीत.

यांतील सर्वांत साधे साधन म्हणजे कणकेचा गोळा. काठी टेकूंवर आडवी ठेवली, की रीळ व काठीवरील पहिली कडी यांच्यामधील दोरी हाताने किंचित खाली ओढावी. तिला इंग्रजी व्ही अक्षरासारखा झोळ पडतो. त्या झोळाच्या तळाशी लिंबोळीएवढा कणकेचा गोळा चिमटून बसवावा. मासा दोरी ओढू लागला की गोळा वर चढतो. गोळ्याचे वजन इतके कमी असते, की माशाला ओढ जाणवत नाही. आणि काठीला हिसका दिला की गोळा आपोआप गळून पडतो. दुसरे साधन चकचकीत वर्खाचे. बिस्किटाच्या वा चहाच्या पुड्यातील वर्ख गुंडाळून त्याची नळी करावी व ती दोरीच्या झोळावर अडकवावी. रात्री थोड्याशा उजेडातही ती चमकते, आणि खाली वाळलेली पाने असतील तर हलताच सळसळते. तिसरे साधन नाणे व पत्र्याचा डबा. दोरीचा एक वेढा डब्याच्या काठावर घेऊन त्यावर नाणे ठेवले, की दोरी सरकताच नाणे डब्यात पडते व खणकन आवाज होतो. चौथे म्हणजे काठीच्या शेंड्याला अडकविलेली लहान घंटी अथवा घुंगरू. समुद्रकाठी लाटांच्या आवाजात हेच बरे पडते. परंतु त्यास जोराची ओढ लागते. कार्पासारख्या हळुवार माशाचे काम त्याने होत नाही.

ही चारही साधने वर्गात करून ठेवण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. त्यांच्यावर रेंगाळण्यापेक्षा आता पाचव्याकडे वळू. कारण परिपथाचा पाठ त्यात आहे.

साहित्य पुढीलप्रमाणे जमवावे : कपडे वाळत घालण्याचा लाकडी चिमटा, पितळी टोपीच्या दोन ड्रॉइंग पिना, दीड व्होल्टचे दोन पेन्सिल सेल, आवरण असलेली बारीक तार हातभर, तीन व्होल्टवर चालणारा लहान बझर आणि जुन्या क्ष-किरण चित्राच्या पट्टीचा बोटभर तुकडा. बझर बिघडलेल्या खेळण्यातून मिळतो. तो न मिळाल्यास लाल रंगाचा एलईडी दिवा घ्यावा, मात्र त्याच्या जोडीला १०० ओहमचा रोध अवश्य जोडावा. अन्यथा दिवा जळण्याचा संभव असतो. क्ष-किरणाची पट्टी गुळगुळीत असते, मोडत नाही, आणि कोणाच्या ना कोणाच्या घरी ती पडलेली असतेच.

चिमट्याचे दोन्ही ओठ आतून पाहावेत. प्रत्येक ओठात एक पिन अशी दाबून बसवावी, की चिमटा मिटला असता दोन्ही पिनांच्या टोप्या एकमेकींस टेकतील. पिन दाबण्यापूर्वी तारेचे टोक सोलून तिच्या बुडाशी गुंडाळावे. एका पिनेची तार सेलांच्या धन टोकाकडे न्यावी. दुसऱ्या पिनेची तार बझरच्या लाल तारेस जोडावी, आणि बझरची काळी तार सेलांच्या ऋण टोकाशी आणावी. दोन सेल एकापुढे एक, एकाच दिशेने ठेवले म्हणजे तीन व्होल्ट मिळतात. कागदाच्या नळीत घालून वरून रबर लावल्यास सेल जागचे हलत नाहीत. आता चिमटा मिटलेला असताना बझर वाजला पाहिजे. ओठांमध्ये पट्टी सरकविली की तो बंद झाला पाहिजे. पट्टीला भोक पाडून त्यात दोरा ओवावा व तो गळाच्या दोरीस बांधावा. माशाने दोरी ओढली की पट्टी सुटते, टोप्या भेटतात आणि घंटी वाजू लागते.

बझर वाजला नाही तर शिक्षकाने स्वतः दुरुस्त करून देऊ नये. दोष शोधणे हा पाठाचा गाभा होय. सेल उलटा बसला आहे काय, तारेचे आवरण नीट निघाले आहे काय, पिनेच्या टोपीवर रंग वा गंज आहे काय, हे क्रमाने तपासण्यास सांगावे. टोपी पॉलिश कागदाने घासताच बझर वाजला, की सुवाहक व दुर्वाहक हे शब्द मुलांस पुन्हा सांगावे लागत नाहीत. आमच्या वर्गात एका गटाने पट्टीऐवजी चॉकलेटचा चकचकीत कागद लावला होता आणि घंटी कशानेच थांबेना. त्या गटाइतका तो शब्द दुसऱ्या कोणत्याही गटास पक्का समजला नाही.

येथवर पाठ उत्तम चालला होता. त्यानंतर जे घडले ते लिहिणे प्रशस्त वाटत नाही, परंतु ते वगळल्यास पुढील भागाचा अर्थ लागणार नाही.

त्या वर्गात भोई समाजातील एक मुलगा होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा अधिक. पहाटे वडिलांबरोबर तलावावर जाऊन जाळे काढू लागल्याने त्याला अनेकदा उशीर होई व उशिरा आलेला मुलगा शेवटच्या ओळीत बसे. वर्षभरात तो वर्गात फारसे बोललेला मला आठवत नाही. चिमट्याची घंटी वाजवून दाखविल्यावर मी विचारले, "काही शंका?" तेव्हा तो उठला व म्हणाला, "गुरुजी, मासा आपल्याकडंच आला तर?"

मी म्हणालो, "अरे, गळ लागलेला मासा जीव घेऊन पळतो. तो आपल्याकडे कशाला येईल? आपल्याला भेटायला?" वर्ग हसला. मीही हसलो. मुलगा खाली बसला.

पुढील रविवारी तीच घंटी घेऊन मी तलावाच्या सांडव्यापाशी गेलो. मुलाचे वडील तेथे होतेच. त्यांच्या सोसायटीकडे त्या तलावाचा ठेका असल्याने त्यांची परवानगी घेऊन बसलो. पहिल्या तासात वाऱ्याने पट्टी दोनदा सुटली व घंटी वृथा वाजली. त्यानंतर बराच वेळ काही घडले नाही. मुलाचे वडील मागून शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमची दोरी सैल पडली हो." पाहतो तो, ताणलेली दोरी पाण्यावर लोळत होती. ओढून पाहिली तेव्हा गळावर आमिष नव्हते. मासा आमिष तोंडात घेऊन काठाच्या दिशेने आला होता आणि काम उरकून गेला होता. घंटी मुकी राहिली होती, कारण तिला केवळ ओढ समजत होती. सैलपणा समजत नव्हता. मुलाचा प्रश्न अक्षरशः खरा ठरला होता. त्याने तो पाहून विचारला होता. मी न पाहता उत्तर दिले होते.

सोमवारी वर्गात मी सर्व हकीकत सांगितली व माझे उत्तर चुकीचे होते असे म्हटले. मुलगा त्या दिवशी गैरहजर होता, म्हणून बुधवारी तो आल्यावर पुन्हा सांगितले. सोमवारी सांगून झाले होते, एकदा पुरे, असा विचार मनात आला होता, हेही कबूल केले पाहिजे. मग त्यालाच पुढे बोलावून विचारले, "तुझे वडील असे झालेले कसे ओळखतात?" त्याने बोटावर दोरी घेऊन दाखविली. गळ हाताने टाकीत असल्यामुळे त्यांच्या बोटास ओढ जशी कळते तसा सैलपणाही कळतो. "पण बोट नसेल तर?" असे विचारल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "कायतरी लोंबतं लावायचं. सैल झालं की खाली यील." आमिषासाठी आणलेल्या कणकेचा गोळा टेबलावर होता, तोच त्याने दोरीस लावला. वर सांगितलेला कणकेचा गोळा तो हाच. इंग्लंडातील गळकरी तो वापरतात हे मी वाचलेले होते आणि वर्गाला सांगितलेही होते. परंतु तो वर जातो तसा खाली येतो, आणि त्याचे सारे मोल त्या खाली येण्यात आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

येथून पुढचा पाठ मुलांनी केला असे म्हटले तरी चालेल. दोन्ही दिशांची वर्दी देणारी घंटी कशी करावी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. एका गटाने दोन चिमटे वापरले. पहिला चिमटा पूर्वीप्रमाणे ओढीसाठी. दुसऱ्या चिमट्याच्या पट्टीला एक लहानसा खडा टांगला आणि तो खडा ताणलेल्या दोरीच्या आधाराने उचलून धरला. दोरी सैल पडताच खड्याचा आधार जातो, त्याच्या वजनाने पट्टी सुटते आणि घंटी वाजते. दोन्ही चिमटे एकाच बझरला जोडावयाचे असल्यामुळे ते एकसर जोडावेत की समांतर, हा प्रश्न आपोआप निघाला. प्रथम त्यांनी एकसर जोडले. तेव्हा दोन्ही पट्ट्या सुटल्याशिवाय घंटी वाजेना. आणि मासा एकाच वेळी दूर व जवळ जाऊ शकत नाही. समांतर जोडल्यावर कोणतीही एक पट्टी सुटली तरी घंटी वाजू लागली. समांतर जोडणीची आवश्यकता मुलांना इतकी पटलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

चिमट्याची पकड ही दुसरी बाब. कमान ताठ असल्यास पट्टी ओढण्यास जोर लागतो आणि तो जोर माशास जाणवतो. पकड मोजण्यास तराजू नको. पट्टीच्या दोऱ्याला कागदी पेला टांगावा व त्यात एकसारखे बारीक खडे एकेक करून टाकावेत. किती खड्यांना पट्टी सुटते ते लिहावे. पट्टी ओठांत खोलवर न घालता केवळ काठाने धरविली, तिला पावडर चोळली, अथवा कमान थोडी उघडून सैल केली, म्हणजे खड्यांची संख्या कमी होते. परंतु ती फार कमी झाल्यास वाऱ्याची झुळूकही घंटी वाजविते. हळवेपणा व खोटी वर्दी यांचा हा तंटा महाग यंत्रांतही सुटलेला नाही. म्हणूनच त्यांना हळवेपणा कमीजास्त करण्याचे बटण असते.

तरफेचा पाठ येथेच घ्यावा. केरसुणीची सरळ हीर घेऊन तिला टाचणीचा टेकू अशा ठिकाणी द्यावा, की एक भुजा दोन सेंटिमीटर व दुसरी वीस सेंटिमीटर राहील. आखूड भुजेचे टोक एक सेंटिमीटर हलले की लांब टोक दहा सेंटिमीटर हलते. माशाची बारीकशी हालचाल अशी मोठी करून पाहता येते. उलट, दोरी लांब टोकाला लावली आणि धातूचे तुकडे टेकूजवळ ठेवले, तर अगदी थोड्या जोराने ते घट्ट भेटतात. वॉकर यांच्या उभ्या काडीतील युक्ती ही होती. हालचाल मोठी करावी की जोर मोठा करावा, यांतून एकाची निवड करावी लागते. दोन्ही एकाच हिरीने साधण्याचा प्रयत्न मुले हटकून करतात. तो करू द्यावा.

प्रत्यक्ष चाचणी शाळेच्या पटांगणातच घ्यावी. दोरीस गळ मुळीच बांधू नये. त्याऐवजी एखादा नट बांधावा. एका टोकाशी टेकू, काठी व घंटी, आणि दहा मीटर दूर मासा झालेला विद्यार्थी. घंटीपाशी बसणाऱ्याचे डोळे बांधावेत. माशाने कधी हिसका द्यावा, कधी हळूच ओढावे, कधी दोरी धरून चार पावले पुढे यावे, कधी काहीच करू नये. तिसरा विद्यार्थी वहीत लिहील : मासा खरोखर काय करीत होता, आणि पहारेकऱ्याला कोणती वर्दी मिळाली. प्रत्येक साधनाने दहा दहा वेळा हे करून नोंदी ताडून पाहाव्यात. नाणे व डबा हे साधन मुलांना सर्वांत प्रिय असते, पण नोंदींमध्ये ते बहुधा मागे पडते. आणि आवडते साधन व खरे साधन यांतील हा फरक मुलांना स्वतःच्या वहीत वाचावयास मिळतो. आमचा माशाच्या भूमिकेसाठीचा उत्तम विद्यार्थी कोण ठरला हे सांगणे नकोच. तो कोणत्या क्षणी काय करील याचा अंदाज कोणालाही आला नाही.

"घंटीच्या आवाजाने मासे पळत नाहीत का?" हा प्रश्न निश्चित येतो. याचे उत्तर असे, की हवेतील ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सर्व परत फिरतो. त्याच्या ऊर्जेचा सुमारे हजारावा भागच पाण्यात शिरतो. काठावर पाय आपटला तर मात्र धक्का जमिनीतून पाण्यात जातो. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेखेला पाण्यातील हालचाल जाणवते, आणि कार्प, रोहू यांच्या कुळात हवेच्या पिशवीपासून आतील कानापर्यंत लहान हाडांची साखळी असल्यामुळे त्यांचे कान विशेष तिखट असतात. बाकाला कान लावून दुसऱ्या टोकाशी नखाने ओरखडण्यास सांगावे. नंतर तोच आवाज कान उचलून ऐकण्यास सांगावे. तलावावर जुने लोक मुलांना पाय आपटू देत नाहीत आणि बोलण्यास मात्र फारसे हटकत नाहीत, याचे कारण मग कोणीतरी मूल सांगतेच.

आता दक्षतेसंबंधी. या पाठासाठी वर्ग तलावावर, नदीवर वा विहिरीवर नेऊ नये. पाझर तलावांच्या कडा गाळाने निसरड्या असतात, माती काढलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि पोहता येणारे मूलही गाळात फसते. साधन तयार झाले की मुले ते घेऊन पाण्याकडे जाणार, हे गृहीत धरून पालकांना आधी कळवावे व मोठ्या माणसाशिवाय पाण्याजवळ जावयाचे नाही असे मुलांकडून वदवून घ्यावे. घंटी असल्यामुळे गळ टाकून दुसरीकडे खेळत राहता येईल असे मुलांना वाटते; मग घंटी वाजली की ती पाण्याकडे धावत सुटतात. धोका नेमका तेथेच आहे. आम्ही यासाठी पटांगणातील खेळात एक नियम ठेवला : घंटी वाजल्यावर जो धावेल त्याचा मासा सुटला असे मानावयाचे. चालत येणाऱ्याचाच मासा खरा. पहिल्या दिवशी सर्वांचे मासे सुटले.

सेलांखेरीज दुसरी वीज या साधनास कधीही जोडू नये. घरातील २३० व्होल्टच्या खटक्याजवळ हे साधन नेण्यास सक्त मनाई करावी. खेळण्यातून बझर काढताना गुंडीसारखे चपटे सेल निघाले तर ते शिक्षकाने आपल्या ताब्यात घ्यावेत, कारण लहान भावंडांनी ते गिळल्यास जिवावर बेतते. दोरीला वजन हवे असल्यास शिसे वापरू नये. इंग्लंडात गळकऱ्यांचे शिशाचे मणी गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून अशा लहान वजनांच्या विक्रीस तेथे बंदी झाली. नट किंवा खडा पुरे. नायलॉनच्या दोरीचे तुकडे पटांगणात राहू देऊ नयेत. ते पाखरांच्या पायांत अडकतात.

हा पाठ चार तासिकांत बसतो. पहिलीत तरंगक व कणकेचा गोळा, दुसरीत चिमट्याची घंटी, तिसरीत दोन चिमट्यांची जोडणी व तरफ, चौथीत पटांगणावरील चाचणी व नोंदींचे वाचन. वेळ कमी असल्यास वॉकर यांची गोष्ट आटोपती घ्यावी. जोडणी कमी करू नये. काम संपल्यावर सेल काढून ठेवावेत व चिमट्यात पट्टी घालून ठेवावी, म्हणजे कपाट उघडताच घंटी वाजत नाही.

आमच्याकडील दोन चिमटे मात्र कपाटात परत आले नाहीत. शाळेच्या परसबागेत रोज दुपारी शेळ्या शिरत. सातवीच्या मुलांनी कुंपणाच्या फटीत गुडघाभर उंचीवर दोरा बांधला, त्याच्या टोकाला पट्टी लावली आणि बझर वर्गाच्या खिडकीत आणून ठेवला. तार लांब लागली, म्हणून ती दोन ठिकाणी जोडावी लागली, आणि एका जोडाला चिकटपट्टी लावण्याचे राहिल्याने पहिल्या पावसात घंटी बंद पडली. दोष कोठे आहे तो त्यांनीच शोधला.